पेढी आणि कारखाना एकाच जाळ्यात: मधल्या नाक्याचे काय?

मोखाड्याच्या बाजारपेठेत आमच्या परिचयाचे एक व्यापारी आहेत. पुढे हार्डवेअर आणि प्लायवुडचे दुकान, मागे पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा छोटा कारखाना आणि वर राहते घर. जव्हारहून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गिऱ्हाईक आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसे यांच्यावर त्यांचा धंदा चालतो. पाड्यांवरची उधारी भात-नागली घरात आल्यावर फिटते. त्यामुळे या दुकानात मालाहूनही मोलाची वस्तू कोणती असेल तर ती उधारीची खतावणी. चार वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहावरून सेठनी ती वहीतून संगणकावर नेली.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी तो संगणक सुरू केला, तर हिशेबाची एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता: तुमच्या फाईलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. खतावणीची नक्कल रोज रात्री शेजारच्या दुसऱ्या संगणकावर ठेवली जात असे, म्हणून सर्वांनी तिकडे धाव घेतली. तिलाही कुलूप लागलेले. आम्ही तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा सेठ गल्ल्यावर डोके धरून बसले होते. ते म्हणाले, "शटर आहे, कुलूप आहे, चार कॅमेरे आहेत. चोर आला तरी कुठून?"

चोर मागच्या शेडमधून आला होता. तेथे लाकडावर नक्षी कोरणारे यंत्र आहे आणि ते एका संगणकावरून चालते. कामावरच्या मुलाने नक्षीचे नमुने फुकट मिळतात म्हणून कुठलेसे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवले होते. त्यासोबत जे आले त्याने आधी शेडमधला संगणक खाल्ला, मग तारेवरून पुढच्या पेढीत शिरून खतावणी आणि तिची नक्कल दोन्ही गिळली. मुलाला सर्वांनी रागे भरले. आमच्या मते दोष मुलाचा कमी आणि मांडणीचा जास्त. शेडमधल्या संगणकाला पेढीच्या संगणकापर्यंत जाण्याचे कारणच काय होते? एक कामाची चिठ्ठी छापणे, एवढेच. पण ज्याने जोडणी करून दिली त्याने सगळ्या तारा एकाच पेटीत खोचल्या, एकच वायफाय सुरू केले, त्याचा पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागे टांगला आणि तो निघून गेला. घरातल्या मुलांचे मोबाइल, कारागिरांचे मोबाइल, कॅमेरे, प्रिंटर, खतावणी, सारे एका खोलीत. अशी जोडणी आम्ही भिवंडीत पाहिली आहे, मालेगावात पाहिली आहे आणि खुद्द मुंबईत मोहम्मद अली रोडवरही पाहिली आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर घेत आहोत.

आधी शब्द स्पष्ट करू. राउटर म्हटल्यावर सुतारकाम करणाऱ्या बांधवांच्या डोळ्यांपुढे लाकडात खाचा पाडणारे यंत्र येईल. येथे ते अभिप्रेत नाही. संगणकांच्या एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणारा मजकूर वाटेला लावणारी पेटी म्हणजे राउटर. मजकूर सलग जात नाही, तर लहान लहान पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचाही. हे पत्ते चार आकड्यांचे असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५. (यंत्रात ते अर्थातच इंग्रजी आकड्यांत भरायचे.) खाजगी वापरासाठी कोणते पत्ते राखून ठेवायचे हे फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्यांतलेच. म्हणून आपल्या बहुतेक दुकानांत हेच आकडे दिसतात.

आता सबनेट. जव्हारचा पिनकोड ४०१६०३ आणि मोखाड्याचा ४०१६०४. पहिले पाच आकडे पाहिले तर दोन्ही गावे एक, सहाही पाहिले तर दोन वेगळी गावे. किती आकडे पाहून 'हे आपल्या गावातले' असे ठरवायचे, एवढाच प्रश्न. संगणकांच्या बाबतीत हे ठरवणाऱ्या आकड्याला मास्क म्हणतात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन भाग म्हणजे गाव आणि शेवटचा भाग म्हणजे घर क्रमांक. मग १९२.१६८.१०.५ आणि १९२.१६८.१०.५० एकाच गावातले, १९२.१६८.२०.५ मात्र परगावचा. अशा एका गावात २५६ क्रमांक असतात. पहिला गावाच्या नावासाठी आणि शेवटचा दवंडीसाठी राखून ठेवलेला असतो, बाकीचे २५४ यंत्रांना देता येतात. या गावालाच सबनेट म्हणतात.

यातून एक गोष्ट निघते आणि ती नीट कळली की अर्धे काम झाले. एकाच गावातली यंत्रे परस्परांशी थेट बोलतात, राउटरला मध्ये घेत नाहीत. त्यांचे बोलणे स्विचमधून होते (म्हणजे विजेचे बटण नव्हे, तारा जोडण्याची पेटी), आणि साधा स्विच कोणाला अडवत नाही. पाकीट परगावी जायचे असेल तरच ते राउटरकडे येते. म्हणजे राउटर हा दोन गावांमधला नाका आहे. जकात नाका आठवत असेल (ही पालिकेची जकात, रमजानमध्ये आपण काढतो ती नव्हे). तो कर मुंबईतही जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला, पण नाक्यावरचा कारकून सर्वांच्या लक्षात आहे. गाडी नाक्यावर आली तर तो तपासणार. गावातल्या गावात गाडी फिरली तर त्याला पत्ताही लागत नसे. मोखाड्याच्या दुकानात सारे एकाच गावात होते. नाका होता, पण तो फक्त इंटरनेटच्या तोंडाशी. आत पेढी आणि शेड यांच्यामध्ये काहीच नव्हते.

हे लहान दुकानापुरते आहे असे कोणी समजू नये. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एका टर्मिनलचे संगणक अचानक बंद पडले. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे ते टर्मिनल, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या कंपनीकडून चालवले जाणारे. कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणाचा आहे हे सांगणारी यंत्रणाच गेली आणि काम हाताने करण्याची वेळ आली. आपल्यापैकी ज्यांचा माल या बंदरातून जातो त्यांना कंटेनर अडकणे म्हणजे काय हे सांगायला नको.

हे संकट न्हावा-शेवा येथे जन्मले नव्हते. युक्रेन देशात हिशेबाचे एक सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाते. त्याच्या सुधारित आवृत्तीत हल्लेखोरांनी विष कालवले. मर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होते, आणि त्या एका दारातून शिरलेले विष तारेवरून समूहाच्या जगभरच्या कार्यालयांत पसरले. समूहाच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे जाहीर सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलर होता. या विषाची चाल दुहेरी होती. एक तर विंडोजमधल्या एका जुन्या भोकातून ते फाईली वाटून घेण्याच्या दारावाटे शेजारच्या संगणकात शिरे. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. ज्यांनी ती केली होती त्यांच्याकडे ते चोरलेले पासवर्ड घेऊन साळसूदपणे जाई. नंतरच्या वृत्तांतांत असे आले की आतले जाळे पुरेसे तुकड्यांत विभागलेले नाही, हा इशारा कंपनीच्या स्वतःच्या तंत्रज्ञांनी आधीच दिला होता.

आणखी एक मजेची गोष्ट, भारनियमनाला कावलेल्या वाचकांसाठी. सगळ्या जगात त्या समूहाच्या संगणकांची मुख्य नोंदवही एकाच ठिकाणी शाबूत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशात. कारण? विष पसरले तेव्हा तेथील वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यातून तुटलेले राहिले. नियोजनाने जे करायला हवे होते ते वीज गेल्याने झाले.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचेही असेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या परदेशी खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळवले गेले. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने पुढे वृत्तसंस्थेला सांगितले की तेथे फायरवॉल नव्हती, आणि जगभर पैसे पाठवणाऱ्या संगणकांची जोडणी १० डॉलरच्या जुन्या स्विचवर होती. ती खोली बाकीच्या जाळ्यापासून वेगळी काढलेली नव्हती. साध्या स्विचला गावे वेगळी करता येत नाहीत हे वर आलेच आहे.

आता आपल्या दुकानाकडे वळू. मोखाड्याच्या सेठकडे आम्ही आणि एका जाणत्या तंत्रज्ञाने मिळून चार गावे केली. पेढीला १९२.१६८.१०, कारखान्याला १९२.१६८.२०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.३० आणि घर व पाहुण्यांना १९२.१६८.४०. येथे पहिली फसगत होते ती सांगून ठेवतो. नुसते आकडे वेगळे दिले आणि तारा त्याच एका साध्या स्विचमध्ये ठेवल्या तर ते वेगळेपण कागदावरचे. शेडमधल्या संगणकाचा पत्ता कोणीही हाताने बदलून १०.९ केला की तो पेढीत हजर. वेगळेपण तारेचे हवे. त्याचे दोन मार्ग आहेत. राउटरला पुरेशी तोंडे असतील तर प्रत्येक गावाची तार वेगळ्या तोंडात घालायची आणि प्रत्येकाला आपला वेगळा साधा स्विच द्यायचा. नाही तर ज्याच्यावर व्हीलॅन लावता येतो असा स्विच घ्यायचा. त्याच्या आठ तोंडांपैकी कोणते कोणत्या गावाचे हे ठरवता येते आणि एकाच पेटीत जणू चार पेट्या तयार होतात. असा स्विच काही हजार रुपयांत मिळतो. वायफायसाठीही तेच करायचे: दोन नावे, दोन पासवर्ड, आणि प्रत्येक नाव आपापल्या गावाला बांधलेले. ज्यांना एवढा खर्च आज शक्य नाही त्यांनी आपल्या घरगुती राउटरमध्ये 'गेस्ट' नावाची सोय आहे का ते पाहावे. बऱ्याच राउटरमध्ये असते. कारागीर आणि गिऱ्हाईक यांचे मोबाइल तिकडे घातले तरी निम्मी गर्दी पेढीबाहेर जाते.

गावे झाली, पण एवढ्याने काही अडत नाही, उलट. राउटरचा स्वभावच पोहोचवण्याचा आहे. त्याला चार गावे माहीत झाली की तो चारही गावांत आनंदाने ने-आण करू लागतो. अडवायचे असेल तर त्याच्या हाती यादी द्यावी लागते. नाक्यावरच्या कारकुनाची यादीच समजा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: कोठून, कोठे, कोणत्या खिडकीवर आणि काय करायचे. खिडकी म्हणजे पोर्ट. येथे पोर्ट म्हणजे बंदर नव्हे. पोस्टात तिकिटाची खिडकी वेगळी, मनीऑर्डरची वेगळी, तसे एकाच संगणकावर वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे क्रमांक असतात. फाईली वाटून घेण्याचा ४४५, बहुतेक प्रिंटरचा ९१००, वेबपानांचा ८० आणि ४४३, नावावरून पत्ता शोधण्याचा ५३.

सेठच्या राउटरवरची यादी अशी बसली:

१. ज्या संभाषणाला आधी परवानगी मिळाली आहे त्याचे उत्तर: जाऊ द्या.
२. पेढीतून कारखान्याच्या संगणकाकडे, खिडकी ४४५: जाऊ द्या.
३. पेढीतून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडे, त्याच्या ठरलेल्या खिडक्या: जाऊ द्या.
४. कारखान्याच्या संगणकातून पेढीच्या प्रिंटरकडे, खिडकी ९१००: जाऊ द्या.
५. १९२.१६८ मधल्या कोणाकडूनही १९२.१६८ मधल्या कोणाकडेही: अडवा आणि नोंद ठेवा.
६. कॅमेऱ्यांच्या गावातून कोठेही: अडवा.
७. पेढी, कारखाना, घर यांतून कोठेही: जाऊ द्या.
८. उरलेले सर्व: अडवा.

यादी छोटी आहे, पण क्रमात सारे आहे. कारकून वरून वाचतो. जी ओळ प्रथम लागू पडते तिच्याप्रमाणे वागतो आणि खालच्या ओळी वाचतच नाही. समजा कोणी सातवी ओळ उचलून पाचवीच्या वर ठेवली. 'कारखान्यातून कोठेही: जाऊ द्या.' लिहिणाऱ्याच्या मनात 'कोठेही' म्हणजे इंटरनेट असते. राउटरच्या लेखी मात्र 'कोठेही'त पेढीही येते, खतावणीही येते. शेडमधले पाकीट पेढीकडे निघाले की वरच्या ओळीने त्याला वाट मिळाली, खालची अडवणारी ओळ जागच्या जागी राहिली. यादी पाहणाऱ्याला ती दिसते आणि तो निश्चिंत होतो. आतापर्यंत ज्या जोडण्या आम्ही पाहिल्या त्यांत ही चूक सर्वांत जास्त आढळली. सेठच्याच दुकानात पहिल्या दिवशी ती आमच्या हातूनही झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी ओळ काही वाचकांना खटकेल. कारखान्याला अडवायचे तर पेढीतून कारखान्याकडे ४४५ का उघडे ठेवले? येथे प्रश्न आहे तो आधी बोलायला कोण गेले याचा. कामाची ऑर्डर पेढीतला मुलगा स्वतः शेडच्या संगणकात ठेवतो. संभाषण पेढीने सुरू केले, उत्तर शेडमधून आले, ते पहिल्या ओळीने आत येते. शेडने आपण होऊन पेढीचे दार वाजवले तर ते पाचव्या ओळीवर अडते. पूर्वी उलटे होते. ऑर्डरी पेढीच्या संगणकात असत आणि शेडमधून त्या उघडल्या जात, त्यासाठी पेढीचे कपाट सर्वांना लिहिण्यास मोकळे ठेवले होते. दिशा फिरवली आणि काम तेच राहिले. धंद्यातले कोणते काम कोणी सुरू करायचे हे मालकाला ठाऊक असते, तंत्रज्ञाला नसते. म्हणून यादी करताना मालकाने शेजारी बसणे आवश्यक आहे.

पहिल्या ओळीबाबत एक सावधगिरी. आजचे बहुतेक राउटर कोणाचे संभाषण चालू आहे हे लक्षात ठेवतात. काही यंत्रांवरच्या जुन्या पद्धतीच्या याद्या मात्र विसरभोळ्या असतात, प्रत्येक पाकीट त्यांना नवे. तेथे जाण्याची ओळ लिहिली तर परतीचीही लिहावी लागते. नाही तर पाकीट जाते, उत्तर अडते, आणि माणूस तार खराब समजून बदलत बसतो.

तसेच यादी संपल्यावर काय, याबाबत सर्व कंपन्या एकसारख्या नाहीत. सिस्कोच्या यादीच्या शेवटी न लिहिलेली 'अडवा' ही ओळ असतेच. तेथे फक्त एक अडवणारी ओळ लिहून ठेवली तर सारेच बंद पडते. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये उलट, कोणतीही ओळ लागू पडली नाही तर पाकीट पुढे जाते. म्हणून आठवी ओळ आपण स्पष्ट लिहावी. सिस्कोच्या यादीत मास्कही उलटा लिहितात, २५५.२५५.२५५.० च्या जागी ०.०.०.२५५. आणि यादी कोणत्या तोंडावर आणि कोणत्या दिशेने लावायची हेही तेथे सांगावे लागते. साधारणपणे पाकीट जेथून निघते त्या तोंडावर, राउटरच्या आत येताना तपासावे, उगाच आत घेऊन मग अडवू नये.

कॅमेऱ्यांना इंटरनेट का तोडले, असे सेठच्या मुलाने विचारले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कंपनीने घातलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. मग २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेचा मारा अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर झाला आणि कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. दुकानाच्या रक्षणासाठी बसवलेला कॅमेरा दुसऱ्याच्या दरोड्यात सामील, अशी ती गत. कॅमेऱ्याने रेकॉर्डरशी बोलावे, बस्स. मात्र याची किंमत आहे. गावाबाहेरून मोबाइलवर दुकान पाहण्याची सोय जाते. ती हवीच असेल तर एकट्या रेकॉर्डरला सहाव्या ओळीच्या वर परवानगी द्यावी आणि त्याचा पासवर्ड बदलावा. सेठनी सोय सोडली. कॅमेऱ्यांचे घड्याळही इंटरनेटवरून वेळ घेत असते, ते मागे पडू नये म्हणून वेळ राउटरकडून मिळेल अशी व्यवस्था केली. चोरीचे चित्रण आहे पण तारीख चुकीची, असे पोलिसांपुढे नको.

एक दार सर्वांच्या नजरेतून सुटते: राउटर स्वतः. वरची यादी एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या पाकिटांची आहे. नाक्याच्या खोलीतच कोणी शिरले तर? पाहुण्यांच्या वायफायवरचा माणूस १९२.१६८.४०.१ हा पत्ता टाकतो आणि राउटरच्या व्यवस्थेचे पान उघडते. पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल तर यादीच त्याच्या हाती. यासाठी राउटरकडे येणाऱ्या पाकिटांची यादी निराळी करतात. पत्ता मागणे आणि ५३ ची खिडकी सर्व गावांना, वेळ विचारणे कॅमेऱ्यांना, व्यवस्थेचे पान फक्त पेढीला, राउटरने स्वतः मागवलेल्याची उत्तरे, बाकी बंद. ५३ बाबत आमचा एक तास वाया गेला तोही सांगतो. यंत्रे नावांची चौकशी आमच्या राउटरकडे न करता त्याच्या पलीकडच्या टेलिफोन कंपनीच्या पेटीकडे करत होती. तिचा पत्ताही १९२.१६८ चा, म्हणून पाचव्या ओळीने ती अडवली. इंटरनेट चालू, पण एकही पान उघडेना. चौकशी आपल्या राउटरकडे वळवल्यावर सुरळीत झाले.

पारख सोपी आहे, पण ती केल्याशिवाय तंत्रज्ञाला सोडू नये. पाहुण्यांच्या वायफायवरून पेढीच्या संगणकाला हाक मारून पाहावी, उत्तर येता कामा नये. शेडमधून चिठ्ठी छापून पाहावी, ती आली पाहिजे. शेडमधून पेढीचे कपाट उघडून पाहावे, उघडता कामा नये. जे अडायला हवे ते अडते का, हे बहुतेक जण पाहतच नाहीत, फक्त काम चालते का एवढे पाहतात. आणि मोखाड्यासारख्या ठिकाणी एक परीक्षा अधिक: राउटरची वीज काढावी, दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावा. काही राउटरमध्ये केलेले बदल जतन करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती दिली नसेल तर पहिल्याच पावसात वीज जाऊन येते आणि सगळी यादी पुसली जाते. दुकान मात्र चालूच राहते, म्हणून कोणाला कळतही नाही. यादी कागदावर लिहून, प्रत्येक ओळ का घातली ते शेजारी नोंदवून कपाटात ठेवावी. तंत्रज्ञ बदलतो, कागद राहतो.

या नाक्याच्या मर्यादाही आहेत. पेढीतल्याच संगणकावर कोणी वाईट फाईल उघडली तर शेजारच्या संगणकाला नाका वाचवू शकत नाही, कारण ते एकाच गावातले. नक्कल म्हणूनच जाळ्याबाहेर हवी. सेठ आता दोन डिस्क वापरतात. एक रात्री जोडून नक्कल झाली की काढतात, दुसरी घरच्या तिजोरीत असते, आणि दर शुक्रवारी अदलाबदल होते. पैसे खात्यातून गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा, ही सायबर आर्थिक फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी आहे. सेठच्या बाबतीत खात्याला धक्का लागला नव्हता. मागितलेली रक्कम त्यांनी भरली नाही.

खतावणी मात्र परत मिळाली नाही. जुन्या वह्या माळ्यावर होत्या, त्यांतून चार वर्षांपूर्वीपर्यंतची बाकी निघाली. पुढची बरीचशी बिलांच्या कार्बन प्रतींवरून जुळवली. उरलेल्यासाठी सेठ आणि त्यांचा मुलगा पाड्यांवर फिरले. कित्येकांनी आपला आकडा आपण होऊन सांगितला, काही तर दुकानात येऊन सांगून गेले. काहींना आठवेना. त्या रकमा सेठनी एका वेगळ्या पानावर लिहून ठेवल्या आहेत आणि त्या कोणाकडे मागितलेल्या नाहीत.

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर राउटर एक आकडा दाखवतो, त्या ओळीने किती पाकिटे पाहिली त्याचा. महिन्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सेठच्या मुलाने तो पडदा आम्हाला दाखवला. पाचव्या ओळीसमोर काही शेकडे होते, बहुधा घरातले मोबाइल प्रिंटर शोधत असावेत. सहाव्या ओळीसमोरचा आकडा मात्र लाखांच्या पुढे गेला होता. कॅमेरे रात्रंदिवस बाहेर कोणाला तरी हाका मारत होते. कोणाला, ते पत्ते त्याने एका वहीत उतरवून ठेवायला सुरुवात केली आहे.